यादीत नसलेल्या बाया

उंबरदरी तांड्यातली चौसष्ट घरं बबिता राठोडच्या डोक्यात होती. नुसती नावं नव्हेत. कोणत्या घरात कोणाला कितवा महिना चालू आहे, कोणाच्या पोराची गोवराची लस राहिली आहे, कोणता म्हातारा बीपीची गोळी गालात दाबून ठेवतो आणि सून वळली की कोंबड्यांपुढे थुंकतो, हे सगळं तिला कागदाशिवाय सांगता यायचं. तेरा वर्षांपासून ती तांड्याची आशा सेविका होती. नवरा यवतमाळजवळ लोहाऱ्याला कारखान्यात. महिन्यातून दोनदा घरी. घरात ती, सासू भुरीबाई आणि चौदा वर्षांची रोशनी.

दर सोमवारी बबिता घरोघर फिरे. दारात उभी राहून तोच प्रश्न: कोणाला ताप, कोणाला जुलाब, कोणाला कावीळ, कोणाच्या अंगावर पुरळ? सगळं लिहून कागद उपकेंद्रातल्या सिस्टरकडे द्यायचा. सिस्टर तो वर पाठवी, आणि तिथून तो आणखी वर जाई. तो कोण वाचतं, हे बबिताला कधी कळलं नव्हतं. तांड्यातल्या बायांना तर त्या कागदाची गंमतच वाटायची.

"आली व जुलाबवाली," एखादी आतूनच ओरडे. "आमच्या घरी काई नाई बापा. पाव्हणे आले का कळवतो तुले."

"आले का मले आधी सांगजो. चहा मंग पाजजो त्याइले," बबिता म्हणे आणि पुढच्या दाराकडे वळे.

त्याच कागदावर खाली पाण्याचे रकाने होते. तांड्याला पाणी तीन ठिकाणी: नळाची टाकी, शाळेजवळचा हातपंप आणि नाल्यापलीकडची जुनी विहीर. प्रत्येकाच्या पुढे 'टीसीएल पावडर टाकली का' असं विचारलेलं. पाणी शुद्ध करायची ही पावडर टाकायचं काम ग्रामपंचायतीच्या भारतचं, आणि ती टाकली की नाही हे पाहून 'हो' लिहायचं काम बबिताचं. जुन्या विहिरीचं पाणी आता कोणी रोजच्या वापराला नेत नसे. तांडा पहिल्यांदा इथं उतरला तेव्हा ती खोदली, म्हणून तिला मान होता एवढंच. वर्षातून नऊ दिवस मात्र तिच्यावर गर्दी व्हायची.

राखीच्या दिवशी तांड्यात तीज पेरतात. टोपल्यांमध्ये वारुळाची माती आणि खत कालवून त्यात गहू टाकायचा. सगळ्या टोपल्या नायकाच्या अंगणात मांडायच्या. नऊ दिवस, दिवसातून तीनदा, तांड्यातल्या बिनलग्नाच्या पोरींनी डोक्यावरून पाणी आणून त्या शिंपायच्या. लग्न झालेलीनं हात लावायचा नाही. पाणी नळाचं नाही, जुन्या विहिरीचंच. जाताना गाणं, येताना गाणं. उंबरदरीची आणखी एक रीत होती. विहिरीवर पोहोचलं की पहिली ओंजळ प्रत्येकीनं स्वतः प्यायची, मग घागर भरायची. आपण तहानलेलं राहून तिजेला पाणी घालायचं नसतं, असं जुन्या बाया सांगत. बबितानंही लहानपणी आपल्या तांड्यात तीज केली होती. त्या नऊ दिवसांइतकं मोकळं तिला पुन्हा कधी वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी गव्हाचे शेंडे करपले होते. त्याचं खापर फुटलं पावडरीवर. म्हणून या वर्षी राखीच्या दोन दिवस आधी नायकीण हंसाबाई बबिताच्या ओट्यावर येऊन बसली. नायक डोंगरसिंगचा शब्द तांड्यात चालायचा, आणि डोंगरसिंगच्या घरात हंसाबाईचा.

"नऊ रोज त्या इहिरीत तुही पावडर नको टाकू," ती म्हणाली. "कवळे कोंब जळते व. कोणी पेते काय ते पाणी?"

पोरी ओंजळ पितात, हे दोघींनाही माहीत होतं. पण ओंजळ म्हणजे पाणी पिणं, असं त्या क्षणी दोघींच्याही मनात आलं नाही. ओंजळ म्हणजे तीज.

"नऊच रोज न काकी? मंग टाकू," बबिता म्हणाली. भारतला तिनं तसं सांगितलं. सोमवारी कागद भरताना जुन्या विहिरीपुढे 'नाही' लिहिलं तर सिस्टर कारण विचारेल, मग सगळी तीज तिला समजावून सांगावी लागेल. बबितानं 'हो' लिहिलं. तेरा वर्षांतला तो पहिला खोटा 'हो'. लिहिताना हात अडखळला नाही, याचं तिला पुढे फार आश्चर्य वाटलं.

चौथ्या दिवशी नाला दोन्ही काठ सोडून वाहिला. नाल्याचा तो काठ म्हणजे अर्ध्या तांड्याची सकाळची जागा. संडास घरोघर बांधलेले होते, पण त्यात कोणी गुरांचं कुटार भरलं होतं, कोणी खताची पोती. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं, ऊन पडलं आणि पोरी गाणी म्हणत विहिरीवर गेल्या.

सहाव्या दिवशी दोन पोरींना जुलाब सुरू झाले. बबितानं ओआरएसची पाकिटं दिली, काय खाल्लं ते विचारलं. सातव्या दिवशी सकाळी रोशनी अंगणात बसली ती उठलीच नाही. तांदळाच्या पेजेसारखे पातळ पांढरे जुलाब, आणि तासाभरात पोरीचे डोळे आत गेले.

"याडी, पाणी," एवढंच ती आईला म्हणत होती.

बबिता तिला ओआरएस पाजत असतानाच तीन घरांतून हाका आल्या. मग आणखी दोन. तिनं प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन लावला. बोलणं नेमकं होतं. "मॅडम, काल दोन, आज सहा. सगळ्याइले सारखेच जुलाब. माही पोरगी बी हाये. गाडी पाठवा, सलाइन जास्त ठेवा."

अकरा वाजेपर्यंत शाळेच्या व्हरांड्यात खाटा पडल्या. खिडक्यांच्या गजांना सलाइनच्या बाटल्या टांगल्या गेल्या. डॉक्टर वैष्णवी ठाकरे महागावजवळच्याच एका शेतकरी घरातली, तिशीच्या आतली. पायात चिखलाचे बूट, केस कसेतरी बांधलेले. तिनं आल्या आल्या दोन पोरींच्या पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली. कातडी लवकर खाली बसत नव्हती. तिनं सिस्टरला दोन्ही हातांना सलाइन लावायला सांगितलं.

दुपारी भुरीबाईलाही त्याच व्हरांड्यात आणावं लागलं. आडवी झाली तरी तिचं तोंड बंद नव्हतं.

"तुह्या हातचं खाऊनच झालं असन हे," ती सुनेला म्हणाली. "नात पडली, आता मी. तू तेवढी धडधाकट."

"चूप बसा थोडं. सुई हलते," बबिता म्हणाली. पण ते शब्द तिला लागले. एकाच घरातल्या दोघी. घरातच काही झालं असेल का? भाकर? पिठाचा डबा? सकाळपासून तिचं डोकं स्वयंपाकघराभोवतीच फिरत होतं.

डॉक्टर वैष्णवीनं नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. "नळ ठीक आहे. पावडर आहे यात," ती म्हणाली. हातपंपाचं पाणीही ठीक निघालं. मग तिनं शाळेतल्या खिचडीची चौकशी सुरू केली. आजारी बहुतेक शाळेतल्या पोरी, म्हणजे शाळेतलंच काहीतरी. खिचडी शिजवणारी बाई कोपऱ्यात उभी राहून रडत होती.

"ताई, यादी वाचा," डॉक्टर म्हणाली. "नाव, वय, घर. हळू वाचा."

बबितानं वही उघडली. अकरा नावं. ती वाचू लागली आणि चौथ्या-पाचव्या नावाशी तिचा आवाज मंदावला.

"काय झालं?"

"मॅडम, यात पोट्टे नाई."

"मुलं खिचडी खात नाहीत?"

"खाते न. पोट्टे तर दोनदा घेते." बबितानं नावांवरून पुन्हा बोट फिरवलं. "आन् निकिता एकोणीस वर्साची हाये. शाळा सोडून तीन वर्सं झाली तिले. ते कायले खाईन खिचडी?"

समोरच्या खाटांवर दोघी बहिणी होत्या. त्यांच्यामध्ये वाटी-चमचा घेऊन त्यांची भावजय बसली होती. पुष्पा, वय एकोणीसच, वैशाखात लग्न होऊन या तांड्यात आलेली. बबितानं तिला विचारलं, "पुष्पा, तुले काई नाई झालं? पोटात मुरडा, काई?"

"नाई काकी. एका ताटात जेवतो आमी तिघी. एकाच माठाचं पाणी पेतो. मले काईच नाई."

बबिता पुष्पाकडे पाहत राहिली. कपाळावर टिकली, गळ्यात काळे मणी. मग तिनं खाटांकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दहा पोरी. एकाही गळ्यात मणी नव्हते. आठ वर्षांच्या पोरीपासून एकोणीस वर्षांच्या निकितापर्यंत. त्यांच्या आया ठीक होत्या, भाऊ ठीक होते, त्याच घरातल्या सुना ठीक होत्या. आजार प्रत्येक घरात शिरला होता आणि भरल्या घरातून फक्त बिनलग्नाच्या पोरी वेचून घेऊन गेला होता. जसं त्याला तांड्याची रीत ठाऊक होती.

 तेरा वर्षं ती घरं मोजत आली होती. आज पहिल्यांदा त्या नावांतून काहीतरी उभं राहून तिच्याकडे पाहत होतं. ते डोळ्यांनी दिसणारं नव्हतं. त्याला हात नव्हते, पाय नव्हते. ते पोरींच्या डोक्यावर बसून, गाण्याच्या तालावर, दिवसातून तीनदा तांड्यात येत होतं.

पण मग सासू? ती सासूच्या खाटेपाशी गेली.

"तुमी नायकाच्या अंगणात बसत होत्या न?"

"मंग काय, शेळ्या सोडू देऊ काय तिजेवर? सात रोज झाले, राखण मीच करून राह्यली. तुह्या नवऱ्याच्या काकानं काय केली असती?"

"तिथं पाणी कोणतं पेल्या?"

"पोरीइच्या घागरीतलं. दुसरं कोण आणून देते मले? तू?"

बबिता परत आली. डॉक्टरच्या मांडीवर आठवड्याच्या कागदांची फाइल उघडी होती.

"मॅडम, पाणी जुन्या इहिरीचं हाये. तिजेचं."

डॉक्टरनं पान उलटलं. "जुनी विहीर... पण तिच्यात पावडर टाकलेली आहे. तुम्हीच लिहिलंय इथं. हो."

तो 'हो' बबिताला चार हातांवरून दिसत होता. तिचंच अक्षर, गोल, नीट.

अजून कोणालाच काही माहीत नव्हतं. भारतला एक फोन केला असता, तर त्यानं अर्ध्या तासात पावडर टाकली असती. उद्या पाणी तपासलं तरी ते पिवळं झालं असतं. विहीर सुटली असती, ती सुटली असती. खिचडीवाली अडकली असती. आणि आजचा तो अर्धा तास?

चार वाजायला आले होते. नायकाच्या घराकडून गाणं सुरू झालं. उरलेल्या बारा पोरी रिकाम्या घागरी घेऊन संध्याकाळच्या पाण्याला निघाल्या होत्या. उद्या संध्याकाळपासून लेकी-जावई आणि त्यांची पोरं चार तांड्यांतून येणार होती. परवा विसर्जन.

"ते खोटं हाये, मॅडम," बबिता म्हणाली. "पावडर टाकली नाई. मीच नाई म्हणलं भारतले. आन् मीच हो लिहिलं." आणि उत्तराची वाट न पाहता ती धावत सुटली.

पोरींना तिनं नाल्याच्या अलीकडेच गाठलं. दोन्ही हात पसरून ती वाटेत उभी राहिली. गाणं तुटलं. "घागरी खाली ठेवा," ती म्हणाली. "कोणीच जायचं नाई." पोरी हसल्या. त्यांना वाटलं, काकीची काहीतरी गंमत. मग त्यांनी तिचं तोंड पाहिलं.

डॉक्टर मागून आली. दोघी विहिरीवर गेल्या. बबितानं पोहरा सोडून पाणी काढलं. डॉक्टरनं नळी भरली, थेंब टाकले. दोघी वाट पाहत राहिल्या. पाण्याला रंग आला नाही. नळी उन्हात धरली तर तिच्यातून पलीकडची तूर दिसत होती, पानन् पान. इतकं नितळ पाणी बबितानं नळालाही कधी पाहिलं नव्हतं. त्याला वास नव्हता, गढूळपणा नव्हता. तहान लागलेल्या माणसानं ते नाकारावं असं त्यात काहीच नव्हतं.

"यातच आहे," डॉक्टर अगदी हळू म्हणाली, जणू कोणी ऐकेल. तिनं नमुन्याची बाटली भरली, झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, "बबिताताई, स्रोत तुम्ही शोधला, हे मी लिहीन. नोंद खोटी होती, तेही लिहावं लागेल."

"लिहा," बबिता म्हणाली.

नायकाच्या अंगणात तोवर सगळा तांडा जमला होता. टोपल्यांतली तीज वीतभर वर आली होती, दाट, हिरवीगार. करपलेला एक शेंडा नव्हता. हंसाबाई टोपल्यांपुढे उभी होती.

"तिजेचं पाणी तोडतं?" तिनं विचारलं. "दोन रोजासाठी? तुह्या घरात पोरगी हाये का नाई?"

"हाये न काकी. शाळेत पडली हाये. दोन बाटल्या लागल्या तिले."

"जुलाब काय पह्यल्यांदा झाले तांड्यात?"

"मंग सांगा मले, एका बी लेकुरवाळीले काहून नाई झाले? एका बी पोट्ट्याले?" बबितानं वही उघडली नाही. ती नावं घेत गेली. देवसिंगच्या घरी दोन पोरी आजारी, सून ठीक. मोतीबाईची नात आजारी, तिचे तिन्ही भाऊ ठीक. घर घर करत ती दहा पोरींपर्यंत आली, आणि नंतर म्हणाली, "आन् माही सासू. ते तुमच्या अंगणात बसून याच घागरीचं पाणी पेली."

 बाया एकमेकींच्या पोरींकडे, मग एकमेकींच्या गळ्याकडे पाहू लागल्या. कोणी शिकवायची गरज उरली नाही. एका म्हातारीनं नातीच्या डोक्यावरची घागर स्वतः उतरवली आणि ती तोंड न लावता दूर नेऊन उपडी केली.

"पावडर टाकू नको म्हणून कोणी सांगतलं होतं?" डोंगरसिंग नायकानं विचारलं.

हंसाबाईनं टोपल्यांकडे नजर वळवली.

"मी," बबिता म्हणाली. "भारतले मी सांगतलं."

 नायकानं खिशातून फोन काढला आणि चारही तांड्यांतल्या लेकींना एकेक करून सांगितलं, की या वर्षी येऊ नका.  विहिरीवर काटेरी फांद्या पडल्या. तिजेला उरलेले दोन दिवस नळाचं पाणी मिळालं. नळापाशी हंसाबाई स्वतः काठी घेऊन बसली. डॉक्टरनं पाणी उकळूनच प्यायला सांगितलं होतं, म्हणून ओंजळ तोंडाकडे गेलेली दिसली की काठी जमिनीवर आपटायची.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी आणखी सहा पोरी आल्या. त्या आधीच पिऊन बसलेल्या होत्या. पण त्यांना पहिल्या जुलाबालाच आणलं गेलं, आणि बाटल्या आधीपासून टांगलेल्या होत्या. निकिताची नाडी एकदा लागेनाशी झाली, तेव्हा डॉक्टर तिच्या खाटेशेजारी जमिनीवर बसली ती पहाटे उठली. विसर्जनाला सोळा पोरी नव्हत्या. आठव्या दिवसानंतर मात्र नवा रुग्ण आला नाही. यवतमाळहून तपासणीचा अहवाल आला: कॉलरा.

तीज संपली, पण बबिताचं फिरणं वाढलं. आता सोमवार नाही, रोज. सलग दहा दिवस चौसष्ट दारं. बाया आतून ओरडत नव्हत्या. त्या दारात येऊन उभ्या राहत आणि विचारण्याआधीच सांगत, अगदी पोराच्या साध्या शिंकेपर्यंत. एकीनं तर नवऱ्याला तीन दिवसांपूर्वी ढेकर आंबट आला होता, तेही लिहायला लावलं. दहाव्या दिवशी शेवटच्या दाराशी पुष्पानं "नाई काकी, सगळे चांगले" म्हटलं, तेव्हा बबितानं तिथूनच फोन लावला.

"सतरा रुग्ण. मृत्यू नाही," पलीकडून डॉक्टर म्हणाली.

पत्र त्यानंतर चार दिवसांनी आलं. खोटी नोंद का केली, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत द्यावा. बबिता ओट्यावर कागद घेऊन बसली. आत भुरीबाई रोशनीला भाकरीबरोबर दुसऱ्यांदा वरण वाढत होती आणि वरणात मीठ नाही म्हणून सुनेला बोल लावत होती. हंसाबाई आली. बोलावलं नसतानाही ती खाली बसली.

"काय लिहिलं?"

बबितानं वाचून दाखवलं. 'दिनांक अमुक रोजी जुन्या विहिरीत पावडर टाकलेली नव्हती. तिजेचे कोंब जळू नयेत म्हणून टाकू नये असे मी सांगितले. तरीही कागदावर हो लिहिले. चूक माझी आहे.'

"माहं नाव नाई त्यात."

"पेन माह्या हातात होता, काकी."

 हंसाबाईनं बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवून एकेका पोरीचं नाव घ्यायला सुरुवात केली. निकिता. रोशनी. देवसिंगच्या दोघी. प्रत्येक नावानंतर ती थांबे, जणू ती पोर आत्ता कुठे असेल ते मनात पाहून येई, आणि मग पुढचं नाव घेई. सोळा झाल्या. सतरावं नाव भुरीबाईचं. त्यानंतरही ती थांबली नाही. ज्यांना काहीच झालं नव्हतं, त्या उरलेल्या सहा पोरींचीही नावं तिनं तेवढ्याच सावकाश घेतली.

बबितानं ती संपेपर्यंत वाट पाहिली. मग खाली सही केली.